दीपमालाच्या कमरेचा डबा

२१ ऑगस्ट

भोकरदनच्या डॉक्टरांनी ही वही करायला लावली. रोज सकाळी बोटाला सुई टोचून शुगर बघायची आणि तारखेसमोर आकडा लिहायचा. आजचा आकडा १७४. झालं लिहून. वही दोनशे पानांची आणि रोजचा एक आकडा, म्हणजे उरलेली जागा मी माझ्या मनाने भरणार.

जुलैत मी जालन्याला बियाण्याच्या प्लांटमध्ये ग्रेडिंग मशीनसमोर चक्कर येऊन पडलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तपासण्या झाल्या, शुगर निघाली. साहेब म्हणाले, वसंता, तीन महिने घरी आराम कर. आणि माझं मशीन दुसऱ्याच दिवशी हरिओमला दिलं. तो ते माझ्यापेक्षा चांगलं चालवतो असं मला तिघांनी फोन करून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी आणखीही पुष्कळ सांगितलं. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे. घाम सुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तोंडात साखर टाकायची, त्यासाठी खिशात कायम पुडी ठेवायची. मी काय बालवाडीतलं लेकरू आहे, खिशात खाऊ घेऊन हिंडायला? दीपमाला मात्र सगळं कान देऊन ऐकत होती. ती अंगणवाडी सेविका आहे, सूचना ऐकायची तिला सवयच आहे. घरी आल्यावर तिने माझ्या शर्टाच्या खिशात साखरेची पुडी घातली. मी ती काढून ओट्यावर ठेवली. तिने पुन्हा घातली. मी उकिरड्यावर फेकली. त्यानंतर तिने विषय काढला नाही.

उद्यापासून ओढ्यावर.

२३ ऑगस्ट

१६१.

आमचा ओढा मोठा नाही. बंधाऱ्याच्या खाली कुठे गुडघाभर, कुठे कमरेइतकं पाणी, दोन्ही काठांना बेशरमीच्या झुडपांची दाटी. काठावर बसून गळ टाकणारे गावात पुष्कळ आहेत, ते अर्धा वेळ डुलक्या काढतात. मी पाण्यात उतरतो. चपला काठावर काढायच्या, पँट वर खोचायची आणि प्रवाहाच्या उलट एकेक पाऊल असं सरकवायचं की तळाचा गाळ उठता कामा नये. मरळ बेशरमीच्या मुळांशी सावलीत दबा धरून असते. तिच्या तोंडापुढे गळाला लावलेली बेडकी नाचवायची. हे मला वडिलांनी शिकवलं. काठीही त्यांचीच. प्रत्येक मोठ्या मरळीची लांबी वितीने मोजून मी काठीवर खाच करतो. सगळ्यात वरची खाच साडेतीन विती, सहा वर्षांपूर्वीची.

खरं सांगायचं तर घर दीपमाला चालवते. आमच्या पोराचं, प्रेमचं शिक्षण, त्याची पुण्याची नोकरी, सगळं तिच्या धडपडीने झालं. मशीन हरिओम चालवतो. या गावात वसंताला एक गोष्ट सगळ्यांपेक्षा बरी येते असं लोक ज्या गोष्टीबद्दल म्हणतात, ती म्हणजे मरळ. तेवढी तरी माझी राहू द्या.

आज मिळालं काही नाही. पाणी गार होतं, हात फार कापत होते.

२४ ऑगस्ट

आज दीपमाला सोबत आली.

मी म्हणालो, तुझं काय काम आहे तिकडे. म्हणाली, अंगणवाडी दहाला उघडते, सकाळी घरी बसून काय करू, मलाही शिकवा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या बाईने कधी ओढ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मासा साफ करताना नाक मुरडायची. आता एकदम शिकायचं आहे.

तिने साडीला काचा मारला, वरून प्रेमचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घातला आणि कमरेला एक कापडी पिशवी बांधली. मी तिला माझी जुनी आखूड काठी दिली आणि गळाला गांडुळांचा झुबका लावून दिला. बेडकी लावायला ती तयार होईना. गांडूळ म्हणजे लहान मुलांचं काम, मरळ त्याला कशाला येते. तिला माझ्यामागे वीस पावलं उभं केलं आणि सांगितलं, हलू नकोस.

ती हलली नाही. तासाभराने तिने एक मरळ काढली. दोन विती. मी म्हणालो, नवशिक्याचं नशीब असतं. ती हसली आणि म्हणाली, चला आता, भाकरी खाऊन घ्या. आकडा टाकायचा राहिला.

३१ ऑगस्ट

ती आता रोज येते. आठ दिवसांत तिच्या चार मरळी आणि माझी एक. एक म्हणजे तीही चिंगळी, खाच करायला लाजच वाटली.

माझ्या गळाला लागत नाहीत असं नाही. लागतात आणि सुटतात. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, ताणला गेला की मी झटका देतो, हात थरथरतो आणि मासा पसार. तिचं बघा. ती मख्खासारखी उभी असते. तंगूस ताणला तरी तिला पत्ता नसतो. बऱ्याच वेळाने काठी वाकते तेव्हा दचकते आणि उचलते, तर खाली मरळ लटकलेली. ना डोकं, ना हिशोब. मला असल्या माणसांचा पहिल्यापासून राग आहे.

सुग्रीव काठावर मेंढ्या घेऊन उभा होता. हा माझ्या वर्गातला, धनगराच्या वस्तीवर राहतो, ओढ्याचं इंच न् इंच त्याला माहीत. वरून मजा बघत होता. मला म्हणाला, "वसंताभाऊ, वैनी पाण्याकडं बघतच न्हाई राव. तुमच्याकडं बघून राह्यल्या."

बघणारच. माझं सगळं कसब बघून बघून उचलते आहे. वीस पावलं मागे उभं राहायला मीच सांगितलं, तिथून सगळं दिसतं. उद्यापासून तिला पुढे उभं करावं असं मनात आलं, पण मग आधी तिच्याच गळाला लागतील.

४ सप्टेंबर

पोळ्याच्या दिवसापासून पाऊस. पाणी गढूळ, ओढ्यावर जाण्यात अर्थ नाही. हॉटेलात चहा प्यायला गेलो, बिनसाखरेचा, तर साहेबराव हॉटेलवाला विचारतो, काय म्हणतात मरळवाल्या बाई? मला वाटलं कोणाबद्दल बोलतो आहे. सगळे माझ्याकडे बघून हसले. मरळवाल्या बाई! मी तीस वर्षं त्या पाण्यात उभा आहे, मला कोणी मरळवाला म्हटलं नाही. हिने दहा दिवसांत नाव कमावलं.

घरी आलो तर ती माझ्या ओल्या पँटी चुलीपुढे वाळवत बसली होती. मी जेवलो नाही. भूक नाही म्हणून सांगितलं. ती अर्धा तास ताट घेऊन समोर बसून राहिली. शेवटी वैतागून खाल्लं.

८ सप्टेंबर

पाणी निवळलं. आज तिने चार विती मरळ काढली.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. चार विती. माझ्या हाताच्या चार विती, कारण मोजली मीच. सुग्रीवने मेंढ्या सोडून पाण्यात उडी मारून ती धरायला मदत केली. दोघं लहान मुलांसारखे ओरडत होते. मी दोन पावलांवर उभा होतो आणि मला कोणी बोलावलं नाही. खरं तर बोलावलं असेल, मला तेव्हा कानात नुसतं भणभणत होतं. घाम सुटला होता, पाय कापत होते. अपमान झाला की माणसाचं असं होतं हे मला आज कळलं.

मग ती मासा सुग्रीवच्या हातात टाकून माझ्याकडे आली आणि म्हणाली, तोंड का पांढरं पडलं तुमचं, चला बाहेर. मी हात झटकला. तिने कमरेची पिशवी चाचपली, आत स्टीलचा छोटा डबा आहे. प्रेम शाळेत लोणचं न्यायचा तो. उघडणार होती, पण मी बघतो आहे म्हटल्यावर थांबली. घरी गेल्यावर तिने मला आधी चहा दिला. त्यात साखर होती. मी म्हणालो, चुकून साखर पडली. ती म्हणाली, हो, पडली चुकून. चहा प्यायल्यावर जरा बरं वाटलं, राग उतरला असावा.

रात्री मात्र डोक्यात तो डबा. रोज नेते, पण काढत काहीच नाही. माझ्यासमोर तर मुळीच नाही. काय आहे त्यात?

११ सप्टेंबर

सरळ विचारलं. म्हणाली, "माझं सामान हाय. बायांच्या वस्तूत तुमी कशाला डोकावता?"

बायकांचं सामान पाण्यात कशाला लागतं? माझा अंदाज असा आहे की तिने काहीतरी चारा तयार केला आहे. शेजारच्या गोपिकाबाईंशी हिची उठबस आहे. गोपिकाबाईंचे यजमान आबाराव पूर्वी नदीवर जाळं टाकायचे, त्यांना कसल्या कसल्या युक्त्या माहीत होत्या. हिंग, पेंड, असलं काहीतरी. गांडुळांना गुपचूप लावत असणार. नाहीतर गांडुळाला चार विती मरळ येतेच कशी?

मी तीस वर्षांत एकदाही असला आधार घेतला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

१२ सप्टेंबर

सापडलं. ती अंगणवाडीत गेल्यावर मी पिशवी बघितली. खुंटीला टांगलेली होती. डबा आत नव्हता, सोबत नेलेला. पण पिशवीला मुंग्या लागल्या होत्या. खालपासून वरपर्यंत रांग. म्हणजे चाऱ्यात गूळ आहे. गूळ किंवा साखर.

इतकी वर्षं मी बेडक्या धरत हिंडलो आणि या बाईने स्वयंपाकघरातून उपाय काढला. मला दोन गोष्टींचा राग आला. एक, तिने मला सांगितलं नाही. दुसरी, मला सुचलं नाही.

१३ सप्टेंबर

ती उठायच्या आधी एकटाच गेलो. गोळी घेतली आणि गेलो. बेडकीला गूळ चोळला. मरळ गोडाला येत नाही हे मला माहीत आहे, ती शिकारी जात आहे, पण माहीत असून काय उपयोग, मिळतात तर तिलाच. गूळ दोन मिनिटांत पाण्यात विरघळला आणि माझ्याभोवती बारीक मासोळ्या गोळा झाल्या. पायाला चावे घेत होत्या.

सुग्रीव आलाच. त्याला बरोबर असल्या वेळी यायचं असतं. बेडकीचा वास घेऊन म्हणाला, हिचं लगीन हाय का आज? मी म्हणालो, जा तुझ्या मेंढ्या बघ. मग तो गंभीर झाला. म्हणाला, "भाऊ, मरळीला गिळू द्यावं लागतं. ती आधी नुसती तोंडात धरती. तुमी तवाच झटका देता. वैनीचं ध्यान दुसरीकडंच आसतं म्हणून त्यांना उशीर होतो आन् मासा बराबर लागतो. दुसरी काय बी जादू न्हाई." मला शिकवतो आहे. मला!

बोलत होतो तेवढ्यात दीपमाला पळत आली. चपला उलट्यासुलट्या घातलेल्या, केस मोकळे. मला बघून काठावर खाली बसली. म्हणाली, सांगून यायला काय झालं होतं? मी म्हणालो, तुझी परवानगी लागते का आता? तिने भाकरी आणली होती. उकडलेलं अंडं पण. मी तिच्याकडे पाठ करून खाल्लं. सुग्रीव मेंढ्या घेऊन निघून गेला, जाताना हसला नाही.

१८ सप्टेंबर

पौर्णिमा. पौर्णिमेला आमच्यात गळ टाकत नाहीत. पावसाळ्याचा वर्षावास चालू आहे, रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं. आज सगळे पांढऱ्या कपड्यांत. दीपमाला वाचायला बसली होती. तिचा आवाज चांगला आहे हे मी विसरलो होतो. वाचन संपल्यावर खीर वाटली. मी वाटी घेतली तर तिने लांबून मान हलवली, नको. चिडून परत ठेवली. मासे धरून आल्यावर साखरेचा चहा चालतो आणि चारचौघांत खीर चालत नाही. ही बाई मला कळत नाही.

बेबीनंदा ताई सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, तू मासे पण धरतेस, ग्रंथ पण वाचतेस, आता उरलं काय? सगळे कौतुकाने हसले. मी पण हसलो. तोंड दुखेपर्यंत हसलो.

२२ सप्टेंबर

आज एक वेगळंच. बंधाऱ्याच्या खालच्या वळणावर, जिथे पाणी कमरेइतकं आहे, तिथल्या बेशरमीला पिवळी चिंधी बांधलेली. दीपमालाच्या जुन्या साडीची. मी ओळखली.

चिंधीचा अर्थ आमच्या ओढ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मरळीची पिलं लाल असतात, पाण्याच्या वरच्या थरात शेकडोंनी एकत्र फिरतात, लांबून कुंकू सांडल्यासारखं दिसतं. खाली मरळ राखण करत असते. तेव्हा तिला भूक नसते, पण पिलांजवळ काही आलं की ते तोडायला धावते. बेडकी, काठी, माणसाचा पाय, काहीही. अशा मरळीला गळ लावण्यात कसब नाही. आणि ती गेली की दुसरे मासे दिवसभरात पिलं संपवतात. म्हणून ज्याला पिलं दिसतील त्याने काठावर चिंधी बांधायची आणि पिलं पांगेपर्यंत कोणी तिथे गळ टाकायचा नाही. वडिलांनी मला ओढ्याचा कायदा म्हणून हा एकच सांगितला.

दीपमाला म्हणाली, काल तुम्ही काठावर बसला होतात तेव्हा मला दिसली, मोठा लाल घोळका आहे. मी बघितलं, मला काही दिसलं नाही. ऊन तिरपं होतं. तिला काय समजतं, एक महिन्याचं शिक्षण. तांबडं शेवाळ बघितलं असेल.

किंवा बघितलं एवढंच असेल की तिथे मोठी मरळ आहे. आणि मी तिकडे जाऊ नये म्हणून जागा बांधून ठेवली. असं मनात आलं आणि मग दिवसभर दुसरं काही आलं नाही.

२५ सप्टेंबर

लागली. सव्वाचार विती.

तिची मीटिंग होती, तालुक्याला गेली. जाताना सुग्रीवला काहीतरी सांगत होती, माझ्यावर नजर ठेवायला असणार. तो मेंढ्या घेऊन वरच्या अंगाला होता. मी खालून शिरलो. चिंधीजवळ काठालगत गुडघाभर पाण्यात उतरलो आणि खाली बघितलंच नाही, सरळ बेडकी टाकली. पडायच्या आत तिने हाणली. झटका द्यायला वेळच मिळाला नाही. काठी वाकून अर्धी झाली. दहा मिनिटं तरी झुंज चालली असेल. पोत्यात घातली तेव्हा माझं ऊर भरून आलं होतं. मी मोठ्याने ओरडलो, पण ऐकायला कोणी नव्हतं.

तेव्हा खाली बघितलं. माझ्या गुडघ्यांभोवती सगळं लाल. पिलं. शेकडो. मरळ गेल्यावर ती दिशा नसल्यासारखी गोल फिरत होती आणि मग माझ्या पायांच्या सावलीत येऊन थांबली. मी पाय हलवला तर तीही पायाबरोबर आली.

मी बाहेर आलो. पोतं ओलं करून घरी आणलं. काठीवर खाच केली, सगळ्यात वर. हात कापत होता म्हणून वाकडी झाली.

ती चारला आली. मोरीत मोठ्या घमेल्यात पाणी घालून मी मरळ सोडून ठेवली होती, ही जात पाण्याबाहेर पण तासन् तास जगते. तिने घमेल्यावरची ताटली उचलून बघितलं. मला वाटलं ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "चिंधी दिसली न्हाई का?"

मी म्हणालो, नाही.

ती घमेल्याजवळ बसून राहिली. म्हणाली, कालवण मी करणार नाही. मी म्हणालो, जळते आहेस, तुझ्या मरळीपेक्षा पाव वीत मोठी आहे म्हणून. हे मी बोललो. लिहायला नको होतं पण लिहिलं. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मीच उठून बाहेर गेलो. संध्याकाळी ती विहारात गेली, मी गेलो नाही. मरळ घमेल्यात वर येऊन हवा घेते आणि टपकन खाली जाते. सारखा तोच आवाज.

२७ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. आता लिहितो, क्रमाने.

काल पहाटे उठलो. शुगर बघितली नाही, गोळी घेतली, काही खाल्लं नाही. मरळ पोत्यात घातली आणि निघालो. दीपमाला झोपलेली आहे असं मला वाटलं. तिने सांगितलं म्हणून मी सोडायला चाललो नव्हतो. तो टपकन आवाज मला ऐकवत नव्हता.

वळणावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. पिलं होती, पण घोळका निम्मा झाला होता. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, पोत्याचं तोंड पाण्याखाली धरलं. ती लगेच गेली नाही. माझ्या पोटाशी टेकून थोडा वेळ कल्ले हलवत राहिली. मग शेपटीचा एक फटका आणि सरळ लाल घोळक्याच्या खाली. पिलं तिच्यावर गोळा झाली. हे मी नीट बघितलं. त्यानंतरचं नीट आठवत नाही. घाम आला. पाणी गार असून घाम आला. समोरची पिवळी चिंधी दोन दिसायला लागली. मला वाटलं बसावं. आणि मी बसलो, कमरेइतक्या पाण्यात.

कोणीतरी काखेत हात घालून ओढलं. ती वीस पावलांवर होती. तिथेच होती, मी निघाल्यापासून. काठाच्या चिखलात तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि कमरेची पिशवी दातांनी सोडली. डबा उघडला. त्यात गूळ होता. बारीक बारीक खडे, गोळीएवढे फोडलेले. तिने दोन खडे बोटाने माझ्या गालात सारले आणि गाल चोळत राहिली. "चघळा," म्हणत होती. "जल्दी चघळा. ऐका माझं एवढं तरी."

सुग्रीव धावत आला. दोघांनी मला उचलून घरी आणलं आणि मग दवाखान्यात नेलं. भोकरदनचे डॉक्टर मला बोलले नाहीत, तिला म्हणाले, बाई, तुम्ही महिनाभर त्यांच्या मागे पाण्यात उभ्या राहिलात म्हणून आज बोलणं होतं आहे. ती पदराने चष्मा पुसत होती.

महिनाभर डब्यात गूळ होता. मला तो गळाचा चारा वाटला. ती पाण्याकडे बघत नव्हती म्हणून तिला मासे मिळाले आणि ती माझ्याकडे बघत होती म्हणून मी तिच्यावर जळलो. सुग्रीवने हे मला दोनदा सांगितलं होतं. तारखेसह वहीत आहे.

सकाळची शुगर १३२. आजपासून रोज लिहिणार.

१ ऑक्टोबर

१४१.

खाच घासून काढली. ती माझी नव्हती.

दीपमालाशी बोलायचं ठरवून तीन दिवस झाले. शेवटी आज ताटावर म्हणालो, डबा मला दे, मी माझ्या कमरेला बांधतो. तिने हात धुतले, डबा पुसला, नवा गूळ फोडून भरला आणि पुढे ठेवला. म्हणाली, "मंग आता मी कशाला येऊ? मला कुठं मासे आवडतात. पाणी किती गार आसतंय."

मी म्हणालो, नको येऊस, झोप तू. शहाण्या माणसासारखं वाटलं बोलताना.

४ ऑक्टोबर

१३८. भाकरी खाऊन गेलो. डबा कमरेला.

ओढा सगळा माझा होता. ऑगस्टपासून हेच मागत होतो. मागे कोणी नाही, काठावर कोणी नाही, सुग्रीवने पण मेंढ्या दुसऱ्या रानात नेल्या होत्या. लांबून पिलं बघितली. पांगायला लागली आहेत. वळण टाळून वर गेलो. दोनदा तंगूस ताणला. दोन्ही वेळा मी मागे वळून बघत होतो. वीस पावलं मागे, जिथे ती उभी असायची. मला वाटलं उशीर झाला म्हणजे मासा बरोबर लागेल, सुग्रीवच्या म्हणण्याप्रमाणे. लागला नाही. बेडकी तेवढी गेली.

मग तिथेच पाण्यात उभं राहून एक खडा गूळ खाल्ला. हात कापत नव्हते, गरज नव्हती, तरी खाल्ला. परत आलो तेव्हा ती अंगणवाडीत गेली होती. आखूड काठी दाराआड होती, तिच्यावर एकही खाच नाही. इतक्या दिवसांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आत्ता ती पलीकडे बसून अंगणवाडीची रजिस्टरं भरते आहे. मला विचारलं, मिळालं का काही? मी नाही म्हणालो तर तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, मी तोंड बघितलं.

डबा मी खुंटीला टांगून ठेवला आहे. उद्या सकाळी तो घरी विसरणार आहे. दार जोरात लावून जाईन, म्हणजे तिला जाग येईल.